घोड्यावरचा भंडारा

“मी झुकलो की तूही झुकायचं. भीती वाटली तरी झुकायचं. घाबरून उलट बाजूला अंग टाकलंस, तर दोघंही रस्त्यावर.”

लग्नानंतरच्या पहिल्या चंपाषष्ठीला तुमकूरच्या अलीकडे गाडी उभी करून नरसिंहरावांनी एवढंच सांगितलं आणि पुन्हा किक मारली. नव्या नवरीला कुणाचा नवरा काय काय सांगतो. विमलेच्या वाट्याला हे आलं. तिनं ते एकादशीसारखं पाळलं. मैलारला जाताना, मैलारहून येताना, हिरियूरच्या पुढच्या वाऱ्यात, चित्रदुर्गाच्या चढावर, ट्रकांच्या कडेनं, नवऱ्याची पाठ जिकडे कलली तिकडे तीही कलली. पदर खोचलेला, दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर भंडाऱ्याची पिशवी. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही.

चुकली ती यंदाच्या श्रावणात, नव्या गाडीवर. आणि तेव्हापासून नरसिंहराव भिंतीकडे तोंड करून पडले होते.

त्यांच्या घराण्याचा हा कुळाचार होता. मैलारच्या खंडोबाला चंपाषष्ठीचा भंडारा न्यायचा तो घोड्यावरून. देव स्वतः घोड्यावर बसलेला. त्याच्या दारात गाडीत रेलून जाणं बरं दिसत नाही, असं पूर्वीपासून ठरलेलं. घोडी गेली, तेव्हा नरसिंहरावांचे आजोबा सायकलवरून जाऊन आले. वडलांनी मोटरसायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी तिच्या टाकीवर हळद उधळून तिला ‘घोडं’ म्हटलं. तेव्हापासून हेब्बाळच्या त्या घरात मोटरसायकलीला कुणी मोटरसायकल म्हटलं नाही. भंडारा बसनं गेला नाही, कारनं गेला नाही. पाऊस असो, बंद असो, घोड्यावरूनच गेला.

आता पोर्चमध्ये दोन घोडी उभी होती. एक जुनं, चादरीखाली. दुसरं नवं, उघडंच, डाव्या बाजूला खरचटलेलं, क्लचची दांडी वाकलेली. त्याच्यावर चादर घालायला कुणाचा हात होत नव्हता.

नवं घोडं कार्तिकनं आणलं. विमलेचा हा एकुलता एक मुलगा, शहराच्या दुसऱ्या टोकाला एचएसआर लेआउटमध्ये बायकोबरोबर राहणारा. वडलांच्या साठीनंतर त्याला रोज एकच काळजी होती: जुन्या गाडीला ब्रेक नाहीत. तसे ते होते, पण लावल्यावर गाडी विचार करून थांबायची. शिवाय किक उलटी यायची, हात मनगटापर्यंत बधिर व्हायचे, घरी आल्यावर विमलेच्या दातांतसुद्धा गुणगुण राहायची.

“अण्णा, हिचं वजन आपल्या जुनीपेक्षा फार नाही,” शोरूममध्ये कार्तिक म्हणाला होता. “एखाद्या तांदळाच्या पोत्याइतका फरक. चाकं अडकत नाहीत, ब्रेक कसाही दाबा. दिवसभर चालवलीत तरी पाठ दुखणार नाही.”

“पोतं कुठं ठेवलंय, त्यावर आहे ते,” नरसिंहराव गाडी दोन्ही पायांत धरून डावीउजवीकडे हलवत म्हणाले. “आपल्या घोड्याचं वजन घोट्यापाशी आहे. हिचं छातीपाशी.”

“तुम्ही म्हणजे ना! कंपनीचे इंजिनियर काय झोपले होते का?”

विमलेला यंत्रातलं काही कळत नसे, पण हे तिला तिथल्या तिथे कळलं. तीच घागर, तेच पाणी. कंबरेवर घेतली तर बाई बोलत बोलत चालते, डोक्यावर घेतली तर मान हलवायची सोय नाही. मोठी टाकी वर, बसायची जागा वर, आणि मागची सीट तर त्याच्याही वर, माळ्यावर चढवल्यासारखी. जुन्याची सीट एकसलग, रुंद, आजीच्या बाजेसारखी. डाव्या अंगाला साडी अडकू नये म्हणून लोखंडी जाळी, तिच्याखाली दोन्ही पाय जोडून ठेवायला फळी. नव्याला यातलं काही नव्हतं.

मुलानं हौसेनं आणलेली वस्तू. तिला नावं कशी ठेवायची?

आणि खरं सांगायचं तर रस्त्याला लागल्यावर नव्यानं तिला लाजवलं. देवनहळ्ळीला वेणुगोपाळाच्या दर्शनाला म्हणून ती दोघं पहिल्यांदा निघाली. विमानतळाच्या त्या रुंद रस्त्यावर गाडी अशी पळाली, की विमलेला मांडीवरची फुलांची पुडी धरावीसुद्धा लागली नाही. धक्का नाही, गुणगुण नाही. कुत्रं आडवं आलं तर गाडी जागच्या जागी थांबली. “काय गं?” नरसिंहराव हेल्मेटमधून ओरडले, “पोरगा अगदीच गाढव नाही म्हणायचा!” ते कितीतरी दिवसांनी हसले होते.

परतताना गावाबाहेर, उतरत्या सर्व्हिस रोडवर त्यांनी गाडी उजवीकडे वळवायला घेतली. अगदी हळू. पळताना फुलासारखी असलेली ती गाडी हळू झाल्याबरोबर दगडासारखी झाली. ती उजवीकडे कलली. पाय डावीकडे सोडून बसलेल्या विमलेच्या पाठीमागं एकदम काही उरलंच नाही. उंचावरून उताणं पडतोय असं तिला वाटलं. आणि तिनं अंग डावीकडे टाकलं.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. गाडी डावीकडे आली, नरसिंहरावांनी डावा पाय टाकला, पण सीट उंच आणि रस्त्याचा उतार त्याच बाजूला. पायाखाली जमीनच आली नाही. विमला मात्र उडी मारल्यासारखी दोन्ही पायांवर उभी राहिली. तिच्या एका बांगडीलाही तडा गेला नाही. नवऱ्याच्या मांडीवर सगळी गाडी होती.

रुग्णवाहिकेत ते वेदनेनं पांढरे पडले होते. तिचा हात धरून म्हणाले, “चंपाषष्ठी…”

“पोचेल,” ती म्हणाली. “भंडारा पोचेल. घोड्यावरूनच पोचेल. शब्द देते.”

तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. तो शब्द धरूनच ते ऑपरेशनच्या खोलीत गेले, असं तिला वाटत होतं.

*

हाड जुळलं. सळई बसली. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवलं, आता भार घ्यायला हरकत नाही. पण नरसिंहराव भार घेईनात.

रंजिता नावाची निपाणीकडची मुलगी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला घरी यायची. हसरी, बोलकी, हाताला जोर. पण हल्ली तीसुद्धा दमली होती.

“काका, असं कसं करायलाय हो तुम्ही! उठा की. पाय बरा झालाय तुमचा. आता भार घातला नाही तर सांधा धरतोय बघा. मग मी काय, कुणीच काय करू शकत नाही.”

“तो पाय खोटा आहे,” नरसिंहराव भिंतीला म्हणाले.

“खोटा म्हणजे?”

“टाकला तर खाली जमीन असेल, असं सांगतो. नसते.”

रंजिता बाहेर येऊन चपला घालता घालता विमलेला हळूच म्हणाली, “काकू, पायाचं दुखणं राहिलं नाही हे. ह्या आठ-पंधरा दिवसांत उभे राहिले तर राहिले. जेवतात तरी का नीट?”

जेवत नव्हते. भाताचे चार घास, ताक, बस्स. दाढी वाढलेली. ज्या माणसानं आयुष्यभर घोड्याची साखळीसुद्धा रविवारच्या रविवारी पुसली, तो स्वतःचं तोंड पुसून घ्यायला कंटाळत होता.

विमलेनं आपल्याला जे येतं ते केलं. सोमवार होतेच, शनिवार धरले. मग मीठ सोडलं. मग एक वेळचं जेवण सोडलं. मग चपला सोडल्या आणि थंडीच्या दिवसांत गार फरशीवर अनवाणी वावरू लागली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता देव बघेल. देव बघत नव्हता. हळूहळू तिला मागावं काय तेच कळेनासं झालं. हात जोडून उभी राहायची आणि डोळ्यांसमोर तो उतार यायचा.

चंपाषष्ठीला संपणाऱ्या षड्रात्राच्या पहिल्या दिवशी तिनं देवघरात नंदादीप लावला. सहा दिवस तो विझू द्यायचा नाही. आरती घेऊन ती आतल्या खोलीत गेली, तेव्हा नरसिंहरावांनी ज्योतीवरून हात फिरवला नाही.

“विमला.”

“हो, बोला ना.” किती दिवसांनी त्यांनी नावानं हाक मारली होती.

“शब्द परत घे. यंदा कुणी जाणार नाही. कार्तिकला सांग, दोन्ही घोडी विकून टाक. नजरेसमोर नकोत.”

“असं काय बोलता…”

“संपलं गं,” ते शांतपणे म्हणाले. “मोकळी केली तुला.”

ओरडले असते तर ती रडली असती. पण त्या शांतपणापुढे ती आरतीचं तबक घट्ट धरून उभी राहिली. शब्द तिच्याकडे होता तोवर हा माणूस तिच्याकडे होता. शब्द परत घेतला की त्याला धरायला तिच्या हातात काय उरणार?

*

संध्याकाळी कार्तिक आणि त्याची बायको अश्लेषा आली. अश्लेषा मूळची पुण्याची, ठेंगणी, चपळ. स्वतःची मोटरसायकल घेऊन आठवड्याच्या सुट्टीत कूर्ग नि वायनाडपर्यंत जाऊन येणारी. विमलेला तिच्या त्या जाकिटाची आधी भीती वाटे. आता सवय झाली होती.

“कार्तिक,” विमला चहा देता देता म्हणाली, “मला मैलारला घेऊन चल.”

“चल की. कार काढतो.”

“घोड्यावरून.”

त्यानं कप खाली ठेवला. “आई, प्लीज. नको.”

“मी शब्द दिलाय रे.”

“अण्णांनी परत दिला ना तो तुला! आत्ताच तर ऐकलं त्यांच्याकडून.” त्याचा आवाज चढला. “मीठ सोडलंस, जेवण सोडलंस, चपला सोडल्यास. आता काय सोडायचं राहिलंय? मी आणली ती गाडी. मी! तिच्यावर आता तुला बसवू? मी त्या दिवसापासून हँडलला हात लावलेला नाही, ठाऊक आहे तुला?”

विमलेला ते ठाऊक नव्हतं. तिनं लेकाकडे पाहिलं. घरात एकच माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय असं तिला वाटत होतं. दोन होते.

“तुझा काय दोष, बाळा,” ती इतकंच म्हणाली. दोष कुणाचा, ते तिला ठाऊक होतं.

“आई, मी चालवते ना,” अश्लेषा म्हणाली.

“तू गप्प बस,” कार्तिक म्हणाला.

“का गप्प बसू? तुझं लायसन्स फ्रेममध्ये लावून ठेव तू. आई, जुनी काढू या का? ती बुटकी आहे, माझे पाय पुरतील.”

चादर निघाली. गल्लीत जुनं घोडं उभं राहिलं. अश्लेषानं बरीच झटापट करून ते चालू केलं, आणि आतल्या खोलीपर्यंत तो ओळखीचा ठोका गेला. पण जुन्या घोड्याचे पाय उलटे. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. अश्लेषाचा डावा पाय सवयीनं गियर घालायला गेला आणि गाडी हिसका देऊन गचकली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती समोरच्या शिवकुमारच्या रिक्षावर जाता जाता राहिली.

“अक्का!” शिवकुमार धावत आला. “स्वल्प, जरा बघून! रिक्षाचे हप्ते चालू आहेत माझे!”

“सॉरी अण्णा, सॉरी.” अश्लेषा घाम पुसत उतरली. “नाही आई. उभी करायला, वळवायला ही लोण्यासारखी आहे. पण हायवेवर कुणी आडवं आलं, तर माझा पाय चुकणार. पायाला शिकवायला महिना लागेल. नवीच घ्यावी लागेल.”

शिवकुमारनं वाकलेली दांडी बदलून आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं घोडं गल्लीत निघालं. कार्तिक ओट्यावर हाताची घडी घालून उभा राहिला, थांबवतही नव्हता, मदतही करत नव्हता. विमला पायरीवरून चढली आणि नेहमीसारखे दोन्ही पाय डावीकडे सोडून बसली. बसल्याबरोबर तोच उंचवटा, तेच पाठीमागचं पोकळ. अश्लेषाच्या पायांची फक्त बोटं टेकत होती. गाडी चार हात पुढे गेली, डावीकडे ओढू लागली आणि सावरायला म्हणून अश्लेषानं ती उजवीकडे कलवली.

“आई, सरळ…”

विमलेनं डोळे मिटले. तिच्या अंगानं पुन्हा तेच केलं. शिवकुमार आणि कार्तिक दोघांनी धावत येऊन गाडी धरली म्हणून, नाहीतर गल्लीतच झोपली असती.

“बघितलंस?” कार्तिक गाडी धरूनच ओरडला. “बघितलंस ना?”

समोरच्या जमनाबाई ओट्यावरून म्हणाल्या, “अगं विमले, देवाला कळतं सगळं. बसनं जा हो. या वयात कसली घोडेस्वारी!”

अश्लेषानं गाडी स्टँडला लावली. तिचा चेहरा उतरला होता. “आई, माझी उंची नाही आणि हिचं सगळं वजन वर आहे. मागचं माणूस एका बाजूला बसलं तर मला नाही सावरता येणार. दोन्हीकडे पाय टाकून बसलात तर जमेल. पँट घालाल? माझी राइडिंगची…”

भंडारा सोवळ्यात न्यायचा असतो. विमला आत गेली. तिला आता रडूही येत नव्हतं. सगळ्या वाटा बंद झाल्या की माणूस जसा उगाच कपाट आवरायला घेतो, तशी ती ट्रंक उघडून बसली. सोवळ्याची रेशमी वस्त्रं उन्हात घालायची राहिली होती. वरची सहावारी निघाली, खाली सासूबाईंचं नऊवारी लुगडं निघालं, डाळिंबी रंगाचं, घड्यांवर विरलेलं. गौरीच्या स्वयंपाकाला ती दरवर्षी तेच नेसायची, काष्टा घालून. त्यात ती दोन्ही पाय फाकून पाट्यापाशी बसायची, उकिडवी बसायची, माळ्यावरसुद्धा चढायची.

तिचा हात लुगड्यावरच थांबला.

या घरातल्या बायका काष्ट्यात घोड्यावर बसायच्या. देवघरात कुलदैवताचा टाक होता: घोडा, वर खंडोबा, मागे म्हाळसा. तिनं तो टाक रोज पुसला होता. नव्या सुनेनं रस्त्यावरून जाताना पाय जोडून बसावं असं सासूबाई म्हणाल्या. ते शहरातल्या शेजाऱ्यांसाठी होतं. देवानं तसं कधी सांगितलं नव्हतं.

*

ती लुगडं नेसून आतल्या खोलीत गेली, तेव्हा रंजिता आलेली होती आणि हरून खुर्चीत बसलेली होती. नरसिंहरावांनी मात्र मान वळवली होती. सकाळपासूनचे आवाज त्यांनी ऐकले असणार.

“कुठली गाडी काढली होती?” त्यांनी विचारलं.

“नवी.”

“उलट झुकलीस ना?”

विमला दाराला धरून उभी राहिली.

“आवाजावरून कळलं,” ते म्हणाले. “इंजिन असं गुदमरतं.” मग भिंतीकडे बघत, “त्या दिवशीही कळलं होतं. मागच्या माणसाचं सगळं पाठीला कळतं.”

चार महिने तिनं जे गिळलं होतं, ते त्यांच्याकडे चार महिने होतं.

“मग… मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तुला त्या माळ्यावर बसवलं मी. हँडल माझ्या हातात होतं.” त्यांनी डोळ्यांवर मनगट ठेवलं. “आणि आता मी काही कामाचा नाही, विमला. मला धड लघवीला जाता येत नाही. तू कशाला जीव देतेस त्या शब्दापायी?”

“तुम्ही तो धरला होतात म्हणून,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण त्यात न थांबणारं काहीतरी होतं. “मी तो परत घेतला तर तुम्ही सुटाल माझ्या हातून. मला कळत नाही का? मी परत घेणार नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसेन, काष्टा घातलाय. पण माझं अंग उलट जातं हो. त्या गाडीवर बसलं की आपोआप जातं. मला पुन्हा शिकवा.”

नरसिंहरावांनी डोळ्यांवरचं मनगट काढलं. मग ते म्हणाले, “रंजिता, मला बसतं कर.”

रंजिता चटकन उठली. पाठीशी हात घालून तिनं त्यांना पलंगाच्या लांब बाजूला बसवायला घेतलं, पण ते नको म्हणाले. “पायथ्याच्या कोपऱ्यावर. तिकडं फळी नाही. घोड्यावर बसतात तसं.” कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय. डावा पाय खाली सोडताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून दारात आलेला कार्तिक भिंतीला टेकला.

“ये. माझ्या मागे बस.”

विमला काष्टा आवरून त्यांच्या मागे बसली, दोन्हीकडे पाय टाकून. लग्नाला इतकी वर्षं होऊन ती नवऱ्याच्या पाठीमागे अशी सरळ समोर तोंड करून कधी बसली नव्हती. पाठ किती बारीक झाली होती. शर्टातून मणके लागत होते.

“डोळे उघडे ठेव. माझ्या खांद्यावरून बघ. ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूच्या खांद्यावरून. उजवीकडे.”

ते उजवीकडे कलले. ती कलली.

“ठीक. आता डावीकडे.”

डावीकडे कलायचं तर डाव्या पायावर भार येणार. ते थांबले. कपाळावर घाम आला. रंजिता पुढे सरकली. विमलेनं मानेनंच तिला थांबवलं.

“जमीन आहे,” विमला त्यांच्या कानाशी म्हणाली. “मी बघतेय इथून. आहे.”

ते कलले. हळू, दात आवळून, आणि तिनं अंग अडवलं नाही, उलट टाकलं नाही, त्यांच्याबरोबर सोडलं. डावा तळवा फरशीवर पूर्ण टेकला. नरसिंहराव मोठ्यानं रडू लागले, लहान पोरासारखे, आणि त्या रडण्यातच म्हणाले, “पुन्हा. उजवीकडे. आता भीती वाटली तर?”

“तरी झुकायचं.”

“हां.”

रंजिता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. कार्तिक केव्हा बाहेर गेला ते कळलं नाही. थोड्या वेळानं गल्लीतून नव्या घोड्याचा आवाज आला. तो टायरची हवा आणि चाकाची साखळी बघत होता.

निघायच्या दिवसापर्यंत रोज सकाळी पलंगावर आणि रोज संध्याकाळी गल्लीत तोच धडा झाला. सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा गाडी वळणावर पुन्हा अडखळली आणि अश्लेषाचं ढोपर सुजलं. नरसिंहराव एका सकाळी नुसतेच पडून राहिले, बोललेच नाहीत, आणि विमला देवघरात जाऊन मूर्तीकडे न बघता बसून राहिली. पण काष्ट्यात बसल्यावर पाठीमागचं पोकळ गेलं होतं, हे खरं. दोन्ही गुडघ्यांत गाडी धरता येत होती. ती अजून डोक्यावरची घागरच होती. पण आता मान सापडली होती.

“टाकी अर्धीच भर,” नरसिंहरावांनी आतून अश्लेषाला सांगितलं. “वरचं वजन तेवढंच कमी. पेट्रोल वाटेत मिळतं. आणि थांबायचं ते चढाच्या बाजूला पाय येईल असं. उताराकडे पाय टाकायचा नाही.”

“हो अण्णा.”

“हळू असताना जपायचं. पळताना ती तुला जपेल.”

*

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी उजाडलं तेव्हा विमलेची पूजा झाली होती. भंडारा रेशमी फडक्यात बांधून तिनं कंबरेला खोचला. अश्लेषानं लुगड्याच्या आत तिला गुडघ्यांची कवचं बांधली होती आणि पुढ्यात बूट ठेवले होते.

“चामड्याचे नाहीत ना गं?”

“कापडी आहेत. मुद्दाम शोधून आणलेत.”

विमलेनं अनवाणीपणाचा नेम मनातल्या मनात देवाला परत केला, बूट घातले आणि हेल्मेट चढवलं. मग ती आतल्या खोलीत गेली. नरसिंहराव पलंगावर बसलेले होते, दाढी केलेली, कार्तिकनं केली असावी, कारण गालावर कापलं होतं. चालायचं स्टँड भिंतीला टेकून होतं. त्याला धरून काल ते उभे राहिले होते, चालले नव्हते.

“उद्या रात्रीपर्यंत येईन,” ती म्हणाली. “नंदादीप विझता कामा नये.”

“कार्तिक आहे ना.”

“कार्तिकला वात पुढे सारता येत नाही. दिवा शांत करतो तो.”

नरसिंहरावांनी दाराबाहेर, देवघराच्या दिशेनं पाहिलं. घरातलंच अंतर, पण त्या दिवसानंतर ते तिकडे गेले नव्हते.

“तेल मी घालीन,” शेवटी ते म्हणाले.

ती नमस्काराला वाकली. इतर वर्षी ते पाठीवर थाप मारत, घोड्याला मारतात तशी. आज त्यांनी तिच्या हेल्मेटचा बंद ओढून पाहिला आणि एक घर घट्ट केला.

तेलाची वाटी तिनं त्यांच्या उशाशी ठेवली नाही. देवघरातच ठेवली, दिव्याजवळ.

बाहेर जुन्या घोड्यावरची चादर काढलेली होती. तिनं चिमूटभर भंडारा आधी त्याच्या टाकीवर वाहिला, मग नव्याच्या. कार्तिकनं गाडी धरली. शिवकुमारनं रिक्षा भिंतीला लावून वाट मोकळी केली. “सरी, अक्का, नीट जा,” तो म्हणाला, आणि उगाचच हात जोडले.

विमला पायरीवरून चढली. डावा पाय, उजवा पाय. काष्टा सारखा केला, फडक्याची गाठ चाचपली.

“बसलात, आई?”

“बसले.”

गल्ली टोकाला उजवीकडे वळत होती. गाडी हळू होती, जड होती, आणि कलू लागली. विमलेचं अंग पुन्हा उलट जाऊ पाहत होतं. तिनं अश्लेषाच्या उजव्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि तिच्याबरोबर झुकली.